ध्रुवीय स्थितांबरी ढग आणि ओझोनची घट: उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी कशा ताडाव्यात?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी अंटार्क्टिकावरील 2008 च्या हिवाळ्याच्या उपग्रह-नोंदी अभ्यासत आहे. कॅलिप्सो उपग्रहावरील लायडारला (लेसर सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून कण टिपणारे उपकरण) जुलैमध्ये 15 ते 25 किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबर या वातावरणाच्या थरात, ढगांची दाटी दिसते. पण ऑरा उपग्रहावरील एमएलएस या सूक्ष्मतरंगांवरून वायूंचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाच्या मापनात त्याच जागी, त्याच दिवशी ओझोन जवळजवळ शाबूत असतो. सप्टेंबरमध्ये ढग ओसरू लागतात, आणि नेमका तेव्हाच ओझोन झपाट्याने घटतो. मग ढगांचे क्षेत्रफळ आणि ओझोनची घट यांचा थेट संबंध लावणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद 1:
त्याच जागी, त्याच दिवशी तुलना केली तर संबंध दिसणार नाही, कारण ढग ओझोन खात नाहीत; ते क्लोरीनला मोकळे करतात. ढगातील कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट यांची अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि नायट्रिक आम्ल कणातच राहते. ध्रुवीय रात्र सरून ऊन परतले, की या क्लोरीनचे रेणू फुटतात आणि ओझोनच्या नाशाचे चक्र सुरू होते. दरम्यान ती हवा ध्रुवीय भोवऱ्याबरोबर (हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या चक्राबरोबर) फिरत कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून जागेचा नव्हे, हवेचा माग काढा. एमएलएस हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन मोनॉक्साइड दोन्ही मोजते: हिवाळ्याच्या सुरुवातीला पहिला घटताना आणि ऊन येताच दुसरा वाढताना दिसला, तर ढगांनी आपले काम केले असे खात्रीने म्हणता येते.

प्रतिसाद 2:
लायडारच्या नोंदी वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी. 1978 मध्ये निंबस-7 वरून गेलेले सॅम-2 हे उपकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्यामुळे त्याला गडद ध्रुवीय रात्रीतले ढग दिसत नसत. 2023 पर्यंत कार्यरत असलेली कॅलिप्सो स्वतःचा लेसर सोडत असल्याने ती अडचण नव्हती, मात्र तिची कक्षा 82 अक्षांशापलीकडे जात नसे, म्हणजे ध्रुवालगतचा भाग कोराच राहिला. लेसरचा प्रकाश गोल थेंबावरून परतताना त्याचे ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) टिकते, तर स्फटिकावरून परतताना बिघडते, आणि यावरूनच अतिशीतित (गोठणबिंदूखालीही द्रव राहिलेल्या) आम्लाचे थेंब, नायट्रिक आम्लाचे स्फटिक व बर्फ यांचा भेद करता येतो. नायट्रिक आम्लाचे स्फटिक साधारण उणे 78 अंश सेल्सियसच्या खाली आणि बर्फ सुमारे उणे 85 च्या खाली संभवतो. पण मोठे नि मोजकेच स्फटिक असतील तर परतणारा प्रकाश क्षीण असतो, त्यामुळे नोंदीत ढग नाही म्हणजे कण नाहीत, असे समजू नये.
आणखी एक पाहा: हे मोठे कण खाली बसले, तर नायट्रिक आम्ल त्या थरातून कायमचे जाते. थंडी ओसरल्यावरही एमएलएसमध्ये ते कमीच राहिले, तर तसे घडले असे मानावे. अशा हवेत क्लोरीनला पुन्हा निष्क्रिय करणारे नायट्रोजनचे संयुग कमी उरते आणि ओझोनचा नाश लांबतो.

प्रश्नकर्ती:
हे सारे पटले. पण ओझोन कमी दिसला तर तो रसायनामुळेच, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद 3:
हाच या अभ्यासातला सर्वांत अवघड भाग आहे. भोवऱ्यात हवा हिवाळाभर खाली उतरत असते आणि वरून येताना ओझोन घेऊन येते. त्यामुळे खरी रासायनिक घट झाकली जाते. नायट्रस ऑक्साइड या काळात तेथे जवळजवळ अबाधित राहतो, म्हणून त्याच्या प्रमाणावरून हवा किती उतरली ते ठरवा आणि त्याच प्रमाणाच्या हवेत हिवाळ्याआधी किती ओझोन होता, त्याच्याशी तुलना करा. आर्क्टिकमध्ये हे टाळून चालतच नाही, कारण तेथे भोवरा वारंवार मोडतो. 2019-20 च्या हिवाळ्यात तो दीर्घकाळ थंड आणि भक्कम राहिला, म्हणूनच 2020 च्या वसंतात तेथे एवढी मोठी घट झाली.
एमएलएसचे थर सुमारे तीन किलोमीटर जाडीचे असतात, पातळ थरातली घट त्यात पुसट होते. अंटार्क्टिकावरील भारताच्या मैत्री केंद्रावरून भारतीय हवामान विभागाने सोडलेल्या ओझोनसोंद (उंचीनुसार ओझोन मोजणारे उपकरण नेणाऱ्या) फुग्यांच्या उपलब्ध नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक तुमच्या लगेच ध्यानात येईल.