निवेदकाशिवाय बातम्या
"एकच चॅनेल पाच-सहा भाषांत म्हणजे नुसतं डबिंग," असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. युरोन्यूज हे युरोपातलं बातम्यांचं चॅनेल १ जानेवारी १९९३ला फ्रान्समधल्या लिऑनहून सुरू झालं ते पाच भाषांत, आणि कितीतरी वर्षं पडद्यावर निवेदकच नव्हता. चित्रं सगळ्यांना तीच, पण मजकूर आणि आवाज त्या त्या भाषेतल्या पत्रकाराचा. (आपल्याकडं एका चौकटीत सहाजण भांडतात, ते वेगळंच.)

त्यांच्या 'नो कॉमेंट' या सदरात तर निवेदनच नाही, फक्त जागेवरचा आवाज. आई चपात्या लाटता लाटता मोबाइलवर ते बघते. इंग्रजीचा गंध नाही. परवा कुठल्यातरी पुराची दृश्यं लागली, तर लाटणं थांबवून म्हणाली, "पंचगंगेगतच चढतंय की रं पाणी."