मदत हवी आहे: कॉन्फरन्सचं पोस्टर फ्लेक्सवाल्याकडं छापू का, आणि ८ मिनिटांत काय बोलू?

शाळूचं_रान:
नमस्कार मंडळी. मी परभणीकडची, रब्बी ज्वारीच्या खोडमाशीवर (कोवळ्या रोपाचा पोंगा खाणारी कीड) पीएचडी चालूय. पुढच्या महिन्यात हैदराबादला एक परिषद आहे, माझं ॲब्स्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) पोस्टरला घेतलं तवर सगळं गोड होतं, पण आता मेल आलाय की पोस्टरवाल्यांपैकी काहीजणांनी छोटं टॉकपण द्यायचं, ८ मिनिटं बोलायचं अन् २ मिनिटं प्रश्न, त्या यादीत माझं नाव आहे आणि तेव्हापासून जेवण गोड लागंना.

आधी पोस्टर. माप दिलंय ए-झिरो, उभं. इथं मोठं काही छापायचं म्हणलं की फ्लेक्सवाला, तो बोलतो फुटात. "तीन बाय चार करून टाकू ताई, वर-खाली रिंगा मारून देतो." माझी पीपीटी त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरं पार इकडची तिकडं, मग तो म्हणतो मीच कोरल ड्रॉमधी नवीन टाईप करून देतो. कीटकांची शास्त्रीय नावं तो टाईप करणार म्हणल्यावर मला घामच फुटला.

अन् सर म्हणायलेत दोन्ही हंगामांचे सगळे टेबल आले पाहिजेत, शिवाय प्रस्तावना, पद्धती, रेफरन्स, लोगो, आभार. सरांना नाही म्हणायची सोय नाही. पण सगळं बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतंय.

टॉकचं तर काय सांगू, माझं बारावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना अडकते. पाठ करू का बघून वाचू? कुणी गेलेलं असेल तर सांगा प्लीज.

जिंतूर_रोड:
छपाईचं मी सांगतो, आमचं घरचंच दुकान होतं. त्याला पीपीटी द्यायचीच नाही, पीडीएफ द्यायची, म्हणजे फॉन्ट हलत नाही आणि टाईप करायचा प्रश्न मिटला. पॉवरपॉइंटमधी काम सुरू करायच्या आधी स्लाईडचं माप ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर टाका, शेवटी बदललं तर सगळं ताणल्या जातं. फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमधी फोटो कॉम्प्रेस करू नको अशी एक खूण असते ती करून टाका. साधं फ्लेक्स नका घेऊ, ते रस्त्यावरून लांबून बघायला असतं, जवळून बारीक अक्षर फुटतं अन् घडी पडली की जात नाही. "इको सॉल्व्हंटवर व्हिनाइल किंवा फोटो पेपर" असं विचारा (इको सॉल्व्हंट म्हणजे बारीक छपाईचं मशीन), परभणीत नाही जमलं तर नांदेड नाहीतर संभाजीनगरला होईल. आणि रिंगा नको म्हणून दोनदा सांगा, सवयीनं मारतेत.

तीन बाय चार म्हणजे ९१ बाय १२२ सेंटीमीटर, तुमच्या मापापेक्षा मोठं. बोर्डाच्या बाहेर लोंबंल.

मोंढ्यावरचा:
ताई, टेबलांचा विषय नंतर. आधी एक सांगा, तुमच्या सगळ्या कामातनं निघालं काय? एका वाक्यात, अन् मराठीत सांगा.

शाळूचं_रान:
ज्या वाणांच्या कोवळ्या रोपांची पानं चकचकीत आहेत आणि पानाच्या खालच्या बाजूला लव जास्त आहे, तिथं माशी अंडी कमी घालते अन् पोंगेमर (मधला पोंगा सुकून मरणं) कमी दिसते. नवीन काही नाही म्हणा, आधी लोकांनी दाखवलंय. मी आपल्या भागातले स्थानिक वाण घेऊन तेच तपासलं, त्यातले दोन चांगले निघाले.

मोंढ्यावरचा:
झालं की मग! हेच वाक्य पोस्टरच्या वर मथळा म्हणून इंग्रजीत टाका. "स्टडीज ऑन अमुक तमुक" असलं नाव देऊ नका, त्यातनं काहीच कळत नाही. ॲब्स्ट्रॅक्टचं नाव बदलता येत नसेल तर ते बारीक ठेवा आणि त्याच्याखाली हे वाक्य ठळक. २०१९ ला माईक मॉरिसन म्हणून एका अमेरिकन पीएचडीवाल्यानं व्हिडिओ काढला होता, पोस्टरच्या मधोमध एकच निष्कर्ष साध्या भाषेत मोठ्ठा लिहा, बाकीचं कडेला. मला तो पूर्ण पटत नाही, मधली एवढी जागा निस्त्या अक्षरांना द्यायची म्हणजे जरा अतीच, पण दिशा बरोबर आहे.

तुमच्याकडं तर फोटो असतील. पोंगा सुकलेलं रोप एका बाजूला, चांगलं रोप दुसऱ्या बाजूला, आणि लवेचा मायक्रोस्कोपचा फोटो, दोन्ही वाणांचा, एकाच मोठेपणाचा. स्केल बार (फोटोतली मापाची रेघ) विसरू नका, पहिला प्रश्न तोच येतो. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले वापरू नका, बारीक होऊन येतेत, डॉक्युमेंट म्हणून मागवा. एक फूट रुंद छापायचा तर आडवे १८०० पिक्सेल तरी पाहिजेत.

टेबलाऐवजी एकच ग्राफ, पोंगेमर टक्क्यात. वाण नंबरानं लावू नका, कमी ते जास्त असे लावा. चेक म्हणून (तुलनेचे ठरलेले वाण) आयएस १८५५१ अन् डीजे ६५१४ घेतले असतील ना? मग एका टोकाला सहनशील, दुसऱ्या टोकाला बळी पडणारा, आणि मधी तुमचे वाण कुठं बसतेत ते माणूस चालता चालता बघतो.

सरांचं असं करा, सगळे टेबल ए-फोरवर छापून पोस्टरजवळ फाईलमधी ठेवा. मी सरांना हेच म्हणलो होतो, "सर, सगळा डेटा सोबत आहे, कुणी मागितला की देतो." लगेच हो म्हणले. आपल्याकडं वाढदिवसाच्या बॅनरवर गल्लीतली सगळी तोंडं लावतेत अन् वाढदिवस कुणाचा ते कळत नाही, तसं पोस्टरचं नको.

शाळूचं_रान:
दोन्ही चेक आहेत. ग्राफ टक्क्यात काढू का आर्कसाईन (टक्क्यांचं गणिती रूपांतर) करून? विश्लेषण ओपीस्टॅटवर (आकडेवारीचं ऑनलाइन टूल) आर्कसाईन करूनच केलंय.

मोंढ्यावरचा:
ग्राफ मूळ टक्क्यातच, आर्कसाईनचे आकडे बघून कुणाला काय कळणार. खाली एक ओळ लिहा की विश्लेषण रूपांतर करून केलंय आणि सीडी (दोन वाणांत खरा फरक मानायला लागणारं कमीत कमी अंतर) ५ टक्क्यावर. "आर्कसाईन कामून केलं" हा प्रश्न हमखास येतो, तयार ठेवा: टक्केवारी शून्य अन् शंभराच्या जवळ गेली की तिची व्हेरियन्स (आकड्यांची पसरण) सारखी राहत नाही, म्हणून.

देवगिरी_स्लीपर:
टॉकबद्दल. सगळं पाठ करू नका, एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य पाठ, मधलं स्लाईड बघून आपल्या शब्दांत. ८ मिनिटांत सात-आठ स्लाईडच्या वर जाऊ नका, प्रस्तावना एका स्लाईडमधी संपवा, ज्वारी हे महत्त्वाचं पीक आहे हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहितीय. घरी मोबाईलवर टायमर लावून मोठ्यानं बोला, मनातल्या मनात बोललं की वेळ कमीच लागतो, स्टेजवर गेल्यावर घंटी वाजते.

प्रश्न कळला नाही तर आपल्या शब्दांत परत विचारा, "यू मीन धिस?" इतकं पुरतं. माहीत नसलं तर "वुई डिड नॉट टेस्ट दॅट" म्हणून मोकळं व्हा. पोस्टरजवळ तर निम्मे लोक हिंदीत बोलतेत, अन् हैदराबाद आपल्याला काय परकं, १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो की 😄

शाळूचं_रान:
ग्राफ लावून बघितला, खरंच एका नजरेत कळायलंय. सरांना फाईलचं सांगितलं, "बघू" म्हणले, म्हणजे हो. आता फक्त सांगा की गाडीत पोस्टर न्यायचं कसं, देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय.

देवगिरी_स्लीपर:
ड्रॉइंगवाल्यांची प्लास्टिक ट्यूब स्टेशनरीत मिळते, चारेक फुटाचं पोस्टर गुंडाळलं तरी लांबी ८४ सेंटीमीटर, त्याच्यापेक्षा लांब ट्यूब घ्या. छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा म्हणजे बोर्डावर कडा वर उचलत नाहीत. सीटखाली ठेवू नका, कुणाची तरी पाण्याची बाटली सांडतेच. पीडीएफ पेनड्राईव्हमधी अन् मेलमधी पण ठेवा. वरचा बर्थ आहे का?

शाळूचं_रान:
साईड लोअर 😭

जिंतूर_रोड:
मग भिंतीच्या बाजूला उभी लावा ट्यूब, अन् तिच्यावर नाव-नंबर टाका.