'लोकस्ट्स': संगीत, की नुसतं वातावरण?

खर्ज:
नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडने २६ मार्च २०२० रोजी वाद्यसंगीताचे दोन अल्बम एकदमच आणि फुकट दिले. 'घोस्ट्स फाइव्ह: टुगेदर' धीर देणारा, 'घोस्ट्स सिक्स: लोकस्ट्स' काळाकुट्ट, ज्याला डार्क अँबियंट म्हणतात (चालीपेक्षा अंधाऱ्या वातावरणावर भर देणारं संगीत). या दुसऱ्याबद्दल श्रोते काय आणि समीक्षक काय, फिरून फिरून एकाच वाक्यावर येतात: हे न काढलेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे. कोणी ते कौतुकाने म्हणतं, कोणी तक्रारीने. मला ते कुठल्याच अर्थाने पटत नाही.

या बँडमधल्या ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांना 'द सोशल नेटवर्क'च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हापासून त्यांनी काहीही केलं तरी लोकांना पडदा दिसतो. पण पार्श्वसंगीताला संवादासाठी जागा सोडावी लागते, दृश्य संपलं की आवरतं घ्यावं लागतं. 'लोकस्ट्स'च्या 'द कर्स्ड क्लॉक' या तुकड्यातले पियानोचे ठोके काही केल्या हटत नाहीत. मागचा घुमारा मात्र हळूहळू दाट होत जातो, आणि तेच स्वर आधी साधे, मग बेचैन, मग धमकावल्यासारखे ऐकू यायला लागतात. ठोके तेच ठेवून आपलं ऐकणं बदलवणं याला मी रचना म्हणतो. काम करता करता मागे लावून ठेवायचा हा अल्बम नव्हे. हेडफोन लावून सलग ऐका, मग बोलू.

नादखुळा:
सलग ऐकलाय, हेडफोन लावूनच. १५ ट्रॅक, ८३ मिनिटं. पहिल्या तीन लांब तुकड्यांपर्यंत मी तुमच्या बरोबर आहे. त्यानंतर छोट्या तुकड्यांची जी रांग लागते, ती मला कामातून उरलेल्या कल्पनांची वाटते. एक कल्पना येते, जेमतेम उभी राहते आणि पुढची सुरू होते. याच मालिकेतल्या २००८च्या 'घोस्ट्स वन टू फोर'बद्दलही हीच तक्रार होती: दहा आठवड्यांत केलेले ३६ तुकडे, बरेचसे कच्चे आराखडे. पण त्या तुकड्यांना निदान नावं नव्हती, फक्त क्रमांक होते, त्यामुळे ऐकणारा मोकळा होता. इथे 'अ रिअली बॅड नाइट', 'जस्ट ब्रीद', 'युअर न्यू नॉर्मल' ही नावं आधीच सांगून टाकतात की आता काय वाटून घ्यायचं. शब्दांशिवाय बोलायचं ठरवलंय ना? मग अर्धं काम शब्दांच्या गळ्यात का घालायचं? नावं झाकून कोणाला तरी ऐकवा आणि भीती उरते का ते बघा.

रातकिडा:
माझ्यापुरती उरली. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नावं वाचलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला महामारी जाहीर केली होती, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दिवसांत आशेची गाणी कानाला सोसवत नव्हती. इथे कोणी समजूत घालत नव्हतं, आणि म्हणूनच सोबत वाटली. छोट्या तुकड्यांबद्दलही मला वेगळं वाटतं. झोप न येणाऱ्याची रात्र अशीच तुटक जाते. एक विचार धड संपत नाही तोच दुसरा डोकं वर काढतो.

मंद्र:
महामारी क्षणभर बाजूला ठेवू. मुळात याला डार्क अँबियंट म्हणणंच मला जड जातं. याच शैलीतल्या लस्टमॉर्ड या संगीतकाराचा 'हेरसी' (१९९०) हा अल्बम ऐका. गुहा, जमिनीखालची दफनगृहं, कत्तलखाने अशा जागी जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण त्यात वापरलंय. वाजवणारा कोण, वाद्य कुठलं, काही पत्ता लागत नाही. थॉमस कोनर या दुसऱ्या संगीतकाराने सुरुवातीच्या कामात गाँगचे (धातूच्या मोठ्या थाळीचे) आवाज इतके खाली नेले की ते वाद्य म्हणून ओळखूच येऊ नयेत. त्या अंधारात माणूसच शिल्लक राहत नाही, उरते ती फक्त जागा. 'लोकस्ट्स'मध्ये पियानो आहे, मधेच ट्रम्पेट येतो, खिन्न झालेला एक माणूस सतत समोर बसलेला असतो. संगीत उत्तम आहे. पण ही उदासी झाली.

खर्ज:
मंद्र, तुमची व्याख्या फार सोवळी आहे. 'अँबियंट' हे नाव रुळवणाऱ्या ब्रायन ईनोने १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या आपल्या अल्बमसोबत लिहिलं होतं की अँबियंट संगीत जितकं वेधक, तितकंच दुर्लक्ष करता येण्याजोगं असायला हवं. त्यातही पियानो आहे, माणसांचे आवाजसुद्धा आहेत. मला तर 'लोकस्ट्स'ची ताकद तुम्ही म्हणता त्या माणसातच दिसते. रिकाम्या गुहेचं भय दूरचं वाटतं, हे घरात येऊन बसतं. आणि एका स्वरात मुरत जाणं आपल्या कानांना नवं नाही. तंबोरे नीट जुळले की गवयाने आ लावण्याआधीच मैफल सुरू झालेली असते.

नादखुळा:
तंबोऱ्याचा दाखला तुमच्यावरच उलटतो. तंबोरा आधार देतो, राग त्याच्यावर उभा राहायचा असतो. तोच दीड तास ऐकवला तर त्याला मैफल कोण म्हणेल? याच मालिकेतलं उदाहरण घ्या. 'घोस्ट्स वन टू फोर'मधला 'थर्टी फोर घोस्ट्स फोर' हा तुकडा दहा वर्षं पडून होता. २०१८च्या शेवटी लिल नास एक्सच्या 'ओल्ड टाउन रोड'मध्ये त्यातला बँजो वापरला गेला आणि २०१९ मध्ये ते गाणं बिलबोर्ड हॉट हंड्रेड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. वर गाणं चढलं तेव्हा त्या आराखड्याची इमारत झाली.

खर्ज:
तो तुकडा पडून नव्हता, लोक ऐकत होते. 'घोस्ट्स वन टू फोर'ला ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली, त्यातलं एक याच तुकड्यासाठी होतं. एवढं मोठं गाणं ज्याच्या खांद्यावर उभं राहिलं, तो खांदा आधीपासूनच भक्कम होता असं मी म्हणेन.

नावांचा तुमचा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. 'जस्ट ब्रीद' हे नाव मीही ठेवलं नसतं. पण 'टर्न धिस ऑफ प्लीज'चं ('हे बंद करा ना') काय? जवळजवळ तासभर ऐकल्यावर हा तेरा मिनिटांचा तुकडा येतो आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर आलेली विनवणीच त्याचं नाव असते. तिथे नाव संगीताला भाव चिकटवत नाही. ऐकणाऱ्यालाच आत ओढून घेतं.

मंद्र:
हा तुकडा मला मान्य. पूर्ण अल्बम त्याच्यासारखा असता तर मी व्याख्येवरून वाद घातला नसता.

नादखुळा:
तोच तुकडा वीस मिनिटं आधी यायला हवा होता. रातकिडा, तुटक रात्रीचं तुमचं म्हणणं ऐकायला पटतं, पण थकवा दाखवायचा आणि ऐकणाऱ्याला थकवायचं यात फरक असतो. 'टुगेदर'मध्ये आठच तुकडे आहेत आणि प्रत्येकाला फुलायला वेळ मिळालाय. तीच शिस्त इथे का नको होती? फुकट दिलंय म्हणून कात्री बाजूला ठेवायची नसते. मधल्या छोट्या तुकड्यांतले निम्मे गाळून हाच अल्बम एका तासाचा केला असता, तर मीच पुढे होऊन त्याची बाजू मांडली असती.