मदत हवी आहे: झिरकोनियाची कॅप सारखी सुटते, सिमेंट कोणतं?

आईच्या खालच्या दाढेची झिरकोनियाची (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकची) कॅप सारखी सुटते. रूट कॅनाल झालंय, दुखत नाही, कीड नाही, एक्स-रे ठीक आहे. दाढ जेमतेम ३ मिमी उंच उरलीय, मूळ अडचण बहुधा तीच. आतापर्यंत ग्लास आयोनोमर या दातांच्या नेहमीच्या सिमेंटनेच बसवली. सध्या झिंक ऑक्साइड युजेनॉलवर, म्हणजे लवंगेच्या वासाच्या तात्पुरत्या सिमेंटवर आहे. डॉक्टर आता रेझिन सिमेंट (जास्त घट्ट चिकटणारं) सुचवताहेत, पण युजेनॉल राहिलं तर रेझिन नीट घट्ट होत नाही ना! नवी कॅप तूर्त परवडणार नाही. आईला मधुमेह आहे, त्यामुळे हिरडी कापायच्या शस्त्रक्रियेची धास्ती वाटते.

दंतवैद्यांनो, जुनीच कॅप आतून सँडब्लास्ट करून (बारीक कणांच्या माऱ्याने खरखरीत करून), एमडीपी प्रायमर (झिरकोनियाला रेझिन चिकटायला मदत करणारं रसायन) लावून रेझिनने बसवली तर एवढ्या उंचीवर टिकेल, की आधी हिरडी कापून दाढेची उंची वाढवावीच लागेल?