ओम्नी-ईकोचं सरकतं दार अडकतंय? घरी काय केलंत ते लिहा

शहापूर, बेळगाव

पाऊस सरला की आमच्या गल्लीत एकच गाऱ्हाणं असतं: व्हॅनचं दार सरकेना. मारुतीची व्हॅन १९८४ ला आली, पुढं तिचीच ओम्नी झाली आणि २०१९ ला ती बनायची बंद झाली. तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठंही जावा. शाळेची पोरं, भाजी, दूध, मांडवाचं सामान अजून ओम्नी नाहीतर ईकोच वाहते. ओम्नी आता नवीन मिळायची नाही, म्हणून आहे ती नीट ठेवायलाच पाहिजे. ज्यांनी घरच्या घरी दार सुधारलंय त्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

दार तीन ट्रॅकवर चालतं. एक वर छताजवळ, एक खाली पायरीत, आणि तिसरा बाहेरच्या पत्र्यावर, मागच्या चाकाच्या वरच्या अंगाला. मी आधी खालचा बघतो, कारण चपलांचा सगळा चिखल तिथंच साचतो. सुका ब्रश, मग स्क्रूड्रायव्हरला गुंडाळलेलं फडकं, मग रॉकेलचा बोळा. काळा लगदा निघायचा थांबेपर्यंत पुसत राहायचं. दार जड झालं की लोक वरून ग्रीस थापतात, तेच नुकसान करतं. आपली तांबडी माती त्या ग्रीसात मिसळली की पॉलिश पेपरसारखी रोलर, म्हणजे दार ज्यावर सरकतं ती छोटी चाकं, झिजवते.

खानापूर, शाळेची व्हॅन चालवतो

साफ करूनही दार जड असेल तर ट्रॅकला दोष देऊ नका, रोलर बघा. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. दार अर्धं उघडून मागची कड दोन्ही हातांनी धरा आणि वर उचलून बघा. खटखट हाललं तर मधला, म्हणजे बाहेरच्या पत्र्यावरच्या ट्रॅकमधला रोलर नाहीतर त्याची पिन गेली. पुढची खालची बाजू लोंबत असेल तर खालचा रोलर.

रोलर बदलायला दोन माणसं लागतातच. आम्ही दाराखाली लाकडी फळी, त्यावर दुमडलेलं पोतं आणि खाली जॅक असा टेकू देतो. शेजारचे अण्णा दार धरतात. "स्वल्प एत्तरी" (कन्नडमध्ये, थोडं उचला) म्हटलं की ते नेमकं बोटभर उचलतात आणि मी बोल्ट बसवतो. कडेवर बोल्टची जुनी खूण असते, ती बसवताना जुळवायची. टेकू न देता बोल्ट सोडू नका, दाराचं सगळं वजन एका बिजागरीवर येऊन ती वाकते.

माझ्या गाडीत रोज पोरं असतात. दार अडकलं की ती दोन्ही हातांनी ओढतात, आणि अचानक सुटलं की बोटं सापडतात. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी मी हे काम करतोच.

निपाणी

आमचं दार सरकायला हलकं होतं, पण आपटल्याशिवाय लागत नव्हतं. दोष खांबावरच्या स्ट्रायकरमध्ये निघाला, म्हणजे ज्याला लॉक अडकतं तो तुकडा. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याभोवती मार्करनं रेघ मारली, मग थोडा थोडा सरकवत बघितलं. रेघ असली की चुकलं तरी परत जागेवर आणता येतं. पुणे-बंगळूर रस्त्यावर अर्धवट लागलेलं दार घेऊन जाणं जीवावरचं आहे, याला हयगय नको.

कणकुंबी

आमच्याकडं पावसाळ्यात गाडी सुकतच नाही. रबर पत्र्याला चिकटतं आणि ओढताना फाटतं. रबर ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण सुकवून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारलेलं फडकं फिरवा. इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं.

दुसरं, दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. ती पालापाचोळ्यानं बुजली की पाणी दारातच साठतं. दार हलवलं की डुबुक डुबुक आवाज येतो. काडीनं भोकं मोकळी करा. तेवढं नाही केलं तर पत्रा आतून सडतो, मग रोलर कितीही नवे घाला, दार जडच.

येळ्ळूर

दार बाहेरून उघडत होतं, आतून नाही. सासरे लगेच गॅरेजला न्यायला निघाले. मी दाराच्या कडेवरची चाइल्ड लॉकची कळ खाली-वर करून बघितली, तीच लागलेली होती. आधी ती बघा, मग पाने-स्क्रूड्रायव्हर काढा.

टिळकवाडी

आमच्या कियाच्या कार्निव्हल गाडीचं मोटरवर चालणारं सरकतं दार अर्ध्यातून मागं येत होतं. अडथळा जाणवला की ते आपोआप उलटतं, आणि खालच्या ट्रॅकमध्ये खडे होते. काढले, सुरळीत झालं.

उद्यमबाग, लेथवर काम

ग्रीसबद्दल शहापूरकरांशी मी निम्माच सहमत आहे. ट्रॅक कोरडा किंवा सिलिकॉनचा हलका हात, हे बरोबर. पण रोलरची पिन आणि बिजागरी कोरडी ठेवली तर ती कुरकुरते नि झिजते. तिथं पांढरं लिथियम ग्रीस लावा, तांदळाएवढं, आणि बाहेर आलेलं पुसून टाका. गंज सोडवायचा पातळ स्प्रे हा वंगण नव्हे, तो लवकर उडून जातो.

रोलर घेताना जुना हातात घेऊन दुकानात जा. चाकाचा व्यास आणि पिनची जाडी कॅलिपरनं जुळवून घ्या. आणि गाडीला गॅसचं किट असेल तर रॉकेल वापरताना सगळी दारं उघडी ठेवा, बॅटरीची वायर काढा, जवळ कुणाला बिडी ओढू देऊ नका.