मुलीला पर्यावरणाचे नियम पाठ झाले, पण निसर्गाची ओढ कशी लागावी?

प्रश्न : रंकाळाकाठ

माझी मुलगी सात वर्षांची आहे. प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नये, नळ उघडा ठेवू नये हे सारे तिला पाठ आहे आणि ते ती घरातल्या प्रत्येकाला ऐकवते. गेल्या सोमवारी पंचगंगेच्या घाटावर सासूबाई देवघरातले निर्माल्य नदीत सोडू लागल्या, तेव्हा तिने चारचौघांत "आजी, तू नदी घाण करतेस" असे सुनावले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मात्र परतताना रिक्षात त्यांनी पदर डोळ्याला लावला. मुलीचे म्हणणे चुकीचे नसल्यामुळे मला रागावताही येईना. हीच मुलगी अंगणात गांडूळ दिसले की किंचाळते, आणि शाळेच्या 'पर्यावरण प्रकल्पा'साठी आम्ही थर्माकोल विकत आणून झाड केले, यावर काय बोलावे! मातीची, पाखरांची ओढ तिला कशी लावावी आणि आजीचे मन कसे राखावे?

उत्तर : निवृत्त मास्तर

दारात कढीपत्ता किंवा लिंबू असेल, तर पावसाळ्यात त्याची कोवळी पाने तिला रोज सकाळी पाहू द्या. पाखराची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर तो पुसू नका. ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते आणि पाखरांना चकवण्यासाठीच तिने हे सोंग घेतलेले असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, आणि डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. (माझा नातू त्या वासापायी तिला इतके छळू लागला की शेवटी मलाच अळीची बाजू घ्यावी लागली.) झाडाची पाने फस्त होतील आणि आमटी काही दिवस कढीपत्त्यावाचून खावी लागेल, तेवढे सोसावे. गांडुळाची घाई करू नका.

उत्तर : कागलकर

मास्तरांचे म्हणणे मान्य आहे, पण घरातल्या आजीला सोडून अळीपासून सुरुवात कशाला? जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवणाऱ्या आणि चुलीतल्या राखेने भांडी घासणाऱ्या पिढीने फुकट काही टाकलेच नाही. मुलीला त्यांच्या शेजारी शिकायला बसवा. निर्माल्य नदीत सोडण्यामागे ते पायदळी येऊ नये हीच भावना असते, आणि ती घरीही जपता येते. हारांचे दोरे सोडवून फुले तळाला भोके पाडलेल्या माठात वाळक्या पानांच्या थरांमध्ये घालावीत. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजून वाळकी पाने वाढवावीत. तयार झालेले खत तुळशीला घातले, तर देवाचे देवाकडेच गेले, असे आमच्या आई म्हणतात.

उत्तर : दाजीपूरची वाट

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, मुलीला राधानगरी परिसरात काजवे पाहायला न्या. अभयारण्याची ख्याती गव्यांसाठी असली तरी गवा दिसेलच असे नाही. काजव्यांचे नर आणि मादी उजेडाच्या खुणेने एकमेकांना शोधतात, त्यामुळे बॅटरीच्या झोताने त्यांचा गोंधळ होतो. तेव्हा मोठ्यांना मोबाइल बंद करायला लावण्याचे काम तुमच्या मुलीकडेच सोपवावे, कारण तो अधिकार तिने आधीच मिळवलेला दिसतो.

रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. माठ सासूबाईंनीच कुंभार गल्लीतून घासाघीस करून आणला, आणि आता संध्याकाळी दोघी पायरीवर बसून हारांचे दोरे सोडवतात. मुलगी गांडुळाला अजून हात लावत नाही. कढीपत्त्यावर आज दोन ठिपके सापडले. त्यांतला एक खरोखरच चिमणीचा निघाला.