'प्रोसोशल मॉडेलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल:
परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे) आणि निरीक्षणगृहातले (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथले) काळजीवाहक यांच्यासाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करते आहे. पहिल्याच पानावर 'प्रोसोशल मॉडेलिंग'पाशी अडले. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे ख्रिस ट्रॉटर यांनी १९९०च्या दशकात व्हिक्टोरिया राज्यात देखरेखीचं काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना ही पद्धत शिकवली. समोरच्यानं जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं कर्मचाऱ्यानं आधी स्वतः वागायचं. त्याचं चांगलं वागणं दिसलं की ते बोलून दाखवायचं. आणि 'सगळेच करतात' अशी सबब आली तर ती तशीच जाऊ द्यायची नाही. मी 'समाजाभिमुख आदर्श वर्तन' असं लिहिलं होतं. सरावाच्या सत्रात एका काळजीवाहक ताईंनी विचारलं, "म्हणजे आम्ही देवमाणूस व्हायचं का?" तेव्हापासून हा शब्द हातातून सुटलाय.

टाकबोरू:
ताईंचं बरोबर आहे. 'आदर्श'चा संस्कृतातला एक अर्थ आरसा. आपला 'आरसा' त्यातूनच आला. पण आजच्या मराठीत आदर्श म्हटलं की हार घातलेली तसबीर डोळ्यांपुढे येते. मला 'कित्ता' सुचतो. पंतोजी अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून गिरवत असे. अक्षर घडवायला पंतोजी संत असावे लागत नसत, अक्षर नीट काढलेलं असलं की पुरे.

कित्ता वाईटही असतो, म्हणून तर 'बापाचाच कित्ता गिरवला' असं आपण म्हणतो. इथे हे फार उपयोगी आहे. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहून मुलांनीही तिला तसंच मारलं. खेकसणारा अधिकारीसुद्धा कित्ताच घालून देत असतो, म्हणून शब्दाला विशेषण हवंच. 'समाजाभिमुख' नुसती दिशा सांगतो. वर्तमानपत्रात रोज 'समाजविघातक' छापून येतं, त्याच्या समोर 'विधायक' आपसूक उभा राहतो. 'विधायक कित्ता' करा.

फिरतीवरचा:
मी याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कागदावर परिविक्षा, बोलताना प्रोबेशन. आमच्याकडे तयार शब्द आहेत ते 'ताकीद' आणि 'समज देणे'. १९५८च्या अपराधी परिविक्षा अधिनियमात समज देऊन सोडण्याची तरतूद आहेच, आणि बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन, पालकांचं समुपदेशन करून घरी पाठवू शकतं. पण 'समज' या सुंदर शब्दाला आमच्या कचेऱ्यांत दमाचा वास लागलाय. पालक आत येतात तेच खाली मान घालून.

एकदा एका मुलाच्या घरी मी पाऊण तास उशिरा पोचलो. बसण्याआधी आईला म्हणालो, "उशीर झाला, तुमचा खाडा झाला, माफ करा." साहेब माफी मागतोय म्हणून त्या बावरल्याच. पुढच्या भेटीला बस चुकली तेव्हा मुलानं स्वतः फोन करून कळवलं. तोवर त्यानं कधी कळवलं नव्हतं. फोन केलास हे बरं केलंस, एवढंच मी त्याला म्हणालो.

या म्हणण्याला पुस्तकात 'प्रबलन' लिहितात. मानसशास्त्राच्या परीक्षेला ते ठीक. 'शाबासकी' वरून खाली येते, शिवाय पाठीवर थापही मारते. 'दाद' मला जवळची वाटते, कारण ती माणसाला सरसकट न देता त्यानं केलेल्या नेमक्या गोष्टीला देतात.

दूरदेशी:
पुस्तिकेत 'गुन्हेगार' कुठे कुठे आलाय ते तपासा. २०१५च्या कायद्याच्या कलम ३ मधलं एक तत्त्व शब्दांविषयीच आहे: मुलासंबंधीच्या कामकाजात आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठीचा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द जिभेला जड आहे, पण सत्रात नुसतं 'मुलगा', 'मुलगी' म्हणता येतं. 'क्लायंट'साठी अशील किंवा लाभार्थी नको, समाजकार्यातला 'सेवार्थी' घ्या. फक्त हा सेवार्थी आपण होऊन आलेला नसतो, हे पहिल्याच भेटीत दोघांनी मोकळेपणानं बोलायला हवं. मी मदत करणार आणि अहवालही मीच पाठवणार, हे त्याला आधी सांगणं ट्रॉटर यांच्या पद्धतीत फार महत्त्वाचं आहे. त्याला 'भूमिका उघड करणे' म्हणावं असं मला वाटतं. 'स्पष्टीकरण' म्हटलं की चौकशीची नोटीस आठवते.

पाटीपेन्सिल:
कित्ता, दाद, भूमिका उघड करणे, तिन्ही घेतले. कुटुंबाच्या प्रकरणातलं 'पालकांना समज द्यावी' खोडून 'घरच्यांसोबत बसून बैठकीचे नियम ठरवावेत' असं केलं. सबबीचं मात्र अजून जमत नाही. 'हटकणे' नाक्यावरच्या हवालदाराचं वाटतं, 'खोडून काढणे' वकिलाचं. 'टोकणे' घरातलं आहे, पण त्यात किरकिर ऐकू येते. मुलगा म्हणतो, "त्याच्याकडे चार मोबाइल होते, एक घेतला तर काय?" त्यावर न चिडता, पण सोडूनही न देता, "त्याच्या जागी तू असतास तर?" असं विचारायचं आहे. या क्रियेला तुमच्या घरात काय म्हणतात?